स्कूबाचा पहिला कोर्स: फी नेमकी कशाची भरायची?

स्कूबा डायव्हिंग शिकायचं मनावर घेतलं की पहिली डोकेदुखी फीची. चार ठिकाणी चौकशी करावी तर चार वेगळे आकडे कानावर पडतात. कोर्सचं नाव एकच, शेवटी मिळणारं प्रमाणपत्राचं कार्ड एकच, समुद्रातल्या डाइव्हही सगळीकडे चारच. तरी एका ठिकाणची फी दुसऱ्या ठिकाणच्या दुपटीला टेकलेली असू शकते. मग साहजिकच मनात येतं, कार्ड तेच मिळणार असेल तर जास्त पैसे का मोजायचे?

माझं मत आधीच सांगून टाकते. या सगळ्या व्यवहारात कार्ड ही सर्वांत कमी मोलाची वस्तू आहे. आपण पैसे मोजतो ते इन्स्ट्रक्टरच्या पाण्यातल्या वेळेचे. पाण्याखाली एक अनुभवी माणूस आपल्याकडे किती मिनिटं आणि किती बारकाईने बघणार आहे, हे एकदा कळलं की स्वस्त काय आणि महाग काय याचा हिशेब लागायला लागतो. पण त्याआधी कोर्समध्ये काय शिकवतात आणि ते का शिकावं लागतं, हे समजून घ्यायला हवं.

एकाच नावाखाली तीन गोष्टी

'स्कूबा' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात आणि नवखा माणूस त्यांच्या किमती एकमेकींशी ताडून पाहत बसतो.

पहिली म्हणजे ट्रायल डाइव्ह. पॅडी या संस्थेत तिला 'डिस्कव्हर स्कूबा डायव्हिंग' म्हणतात. थोडी माहिती, उथळ पाण्यात दोन-तीन गोष्टींचा सराव आणि मग इन्स्ट्रक्टरच्या हाताशी राहून जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत एक डाइव्ह. अर्ध्या दिवसात सगळं आटोपतं. तुमची हवा, तुमची खोली, तुमचं वर येणं हे सगळं दुसरं कुणीतरी सांभाळत असतं. अनुभव म्हणून उत्तम, पण त्यातून तुम्ही डायव्हर होत नाही.

दुसरी म्हणजे 'स्कूबा डायव्हर' नावाचा अर्धा कोर्स. समुद्रात दोन डाइव्ह, मर्यादा १२ मीटर, आणि पुढे प्रत्येक वेळी प्रशिक्षित गाइड सोबत असणं सक्तीचं. तिसरी म्हणजे 'ओपन वॉटर डायव्हर' हा पूर्ण कोर्स. थिअरीचे पाच भाग, स्विमिंग पूलमध्ये किंवा तशाच शांत, उथळ पाण्यात पाच सत्रं, समुद्रात किंवा तलावात चार डाइव्ह. तो झाला की १८ मीटरपर्यंत, आपल्याइतकंच शिकलेल्या जोडीदाराबरोबर, इन्स्ट्रक्टरशिवाय डाइव्ह करायची मुभा मिळते. या जोडीदाराला सगळे 'बडी'च म्हणतात.

पाण्याखाली श्वास घेणं आपल्याला झेपेल का, अशी शंका असेल तर आधी ट्रायल डाइव्हच करा. पूर्ण कोर्सची फी भरून दुसऱ्या दिवशी माघार घेण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं. काही केंद्रं ही डाइव्ह पुढे कोर्समध्ये धरतात, काही धरत नाहीत. पैसे देण्याआधी विचारून घ्यावं. मधल्या अर्ध्या कोर्सबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. दिवस खरोखरच कमी असतील तर ठीक, नाहीतर सुरुवातीला वाचलेले पैसे पुढे दरवेळी गाइडवर जातात.

एजन्सी, म्हणजे कोर्स आखून कार्ड देणारी पॅडीसारखी संस्था, कोणती निवडावी, हा प्रश्न जितका चघळला जातो तितका तो महत्त्वाचा नाही. बीसॅक १९५३ सालची, सीमास १९५९ सालची (तिचे पहिले अध्यक्ष फ्रेंच समुद्र-संशोधक झाक कूस्तो), पॅडी १९६६ ची, एसएसआय १९७० ची. प्रत्येकीची शिकवण्याची पद्धत आणि पुस्तकं थोडी वेगळी, पण स्वतंत्रपणे डाइव्ह करणाऱ्या नवशिक्याला काय यायला हवं याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २४८०१-२. मोठ्या एजन्सींचे पहिले कोर्स त्याच्या आसपासच बेतलेले असतात आणि त्यांची कार्डं एकमेकींकडे चालतात. वेळ घालवायचाच तर तो इन्स्ट्रक्टर निवडण्यात घालवा.

पाण्याखाली काय बदलतं

कोर्सचं खरं मोल कळायला थोडं भौतिकशास्त्र लागतं. घाबरण्यासारखं काही नाही, शाळेत शिकलेलंच आहे.

जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा एक ॲटमॉस्फिअर दाब असतो. पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की त्यात आणखी एकाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. वायू दाबाखाली आकसतो: दाब दुप्पट झाला की आकारमान निम्मं. हा बॉइलचा नियम, १६६२ सालचा. रेग्युलेटर नावाचं यंत्र सिलिंडरमधली हवा आपल्याला आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकी करून देतं, म्हणून छातीवर भार न येता श्वास घेता येतो.

आता असं समजा की १० मीटरवर तुम्ही छातीभर श्वास घेतला आणि तो धरून ठेवून वर निघालात. वर येईपर्यंत दाब निम्मा होतो आणि तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसं फुग्यासारखी ताणली जातात, पण ती फुग्याइतकी ताणू शकत नाहीत. फाटली तर हवेचे बुडबुडे थेट रक्तात जातात आणि मेंदूपर्यंत पोचले तर जिवावर बेततं. सिलिंडरमधून भरून श्वास घेतलेला असेल तर जेमतेम एक-दीड मीटर खोलीवरूनही हे घडू शकतं. म्हणूनच स्कूबातला पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. ऐकायला किती सोपा! पण नाकात पाणी गेलं, मास्क भरला, काही क्षण दिसेनासं झालं की माणूस सगळ्यांत आधी श्वासच रोखतो आणि पृष्ठभागाकडे झेपावतो. या दोन्ही गोष्टी उपजत आहेत आणि दोन्ही घातक आहेत. कोर्सचा निम्मा खटाटोप या उपजत सवयी मोडण्यासाठी असतो. त्या व्हिडिओ बघून मोडत नाहीत. पुन्हापुन्हा, शांतपणे, जाणत्या माणसासमोर करूनच मोडतात.

यातून आणखी एक गोष्ट निघते. ३० मीटरवरून २० वर येताना दाब चारावरून तीनावर येतो. १० वरून पृष्ठभागावर येताना दोनावरून एकावर, म्हणजे थेट निम्म्यावर. सर्वांत मोठा बदल शेवटच्या १० मीटरमध्ये होतो आणि नवशिके डायव्हर नेमके त्याच पट्ट्यात वावरतात. 'आम्ही तुम्हाला उथळच नेणार आहोत, काळजी नको' असं कुणी म्हणालं तर ते अर्धसत्य आहे.

दुसरा मुद्दा नायट्रोजनचा. दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन हळूहळू अंगात विरघळत राहतो. भराभर वर आलं तर तो बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो. सांधे दुखण्यापासून अंग लुळं पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून किती खोलीवर किती वेळ थांबायचं याला मर्यादा असते. पॅडीच्या तक्त्यात १८ मीटरवरच्या पहिल्या डाइव्हला ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर फक्त २०. वर येतानाही सावकाश, मिनिटाला सुमारे ९ मीटर, आणि शेवटी ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा. कोर्समधल्या थिअरीचा गाभा हाच. ऑनलाइन थिअरी नुसती पुढे ढकलत संपवणारे बरेच असतात. फीमधला हा भाग फुकट घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

तिसरा मुद्दा हवेचा, आणि इथेच पैशाचा हिशेब सुरू होतो. १२ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण एक ॲटमॉस्फिअर) भरला की त्यात २,४०० लिटर हवा मावते. ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव ठेवायची. उरली १,८०० लिटर. जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा लागते असं धरलं तर ती ९० मिनिटं पुरेल. १० मीटरवर दुप्पट हवा लागते, म्हणून ४५ मिनिटं. १८ मीटरवर दाब २.८ पट, म्हणून जेमतेम ३२. आणि नवखा माणूस धास्तीने २० पेक्षा बरीच जास्त हवा ओढतो. शिवाय गटातल्या एकाची हवा संपत आली की बहुतेक वेळा सगळ्यांनाच वर यावं लागतं.

मास्कमधलं पाणी आणि आठ विद्यार्थी

मास्क पूर्ण पाण्याने भरून रिकामा करणं हे एक कौशल्य जवळून बघू. वाळूच्या तळावर, पाच-सहा मीटरवर, इन्स्ट्रक्टर तुमच्या समोर असतो. तो आधी स्वतः करून दाखवतो: मास्कची वरची कड सैल करायची, पाणी आत येऊ द्यायचं, दोन-तीन श्वास तसेच तोंडाने घ्यायचे, मग कपाळावर मास्क दाबून धरून, मान थोडी वर करून नाकाने संथपणे हवा सोडायची. पाणी खालच्या कडेने निघून जातं. तुम्ही सुरू करता. थंड पाणी नाकाशी आलं की घसा आवळतो. डोळे मिटतात. चांगला इन्स्ट्रक्टर या क्षणी तुमच्या मास्ककडे फारसा पाहत नाही, तो तुमच्या तोंडातून निघणारे बुडबुडे पाहतो. बुडबुडे थांबले म्हणजे श्वास रोखला. त्याचा एक हात तुमच्या जॅकेटवर असतो, तुम्ही वर झेपावलात तर धरायला, आणि दुसरा रेग्युलेटरजवळ. तुम्ही पुन्हा श्वास घ्यायला लागलात की तो बोटांनी खूण करतो: सावकाश, पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी जमतं, पण धडपडत. जाणता इन्स्ट्रक्टर तिसऱ्यांदाही करायला लावतो, कारण परीक्षेपुरतं जमणं आणि अंगवळणी पडणं यात फरक आहे.

यात सहज दोन मिनिटं जातात. पॅडीच्या नियमानुसार समुद्रात एका इन्स्ट्रक्टरबरोबर जास्तीत जास्त आठ विद्यार्थी चालतात. एका डाइव्हमध्ये अशी तीन कौशल्यं करायची असतील तर आठ जणांची ४८ मिनिटं होतात. १० मीटरवर सिलिंडर ४५ मिनिटं पुरतो हे आत्ताच पाहिलं. म्हणजे एकतर प्रत्येकाला घाईघाईत एकदाच करायला मिळणार, किंवा सगळी डाइव्ह रांगेत वाट बघण्यात जाणार. आणि होतंही तसंच: सात जण तळावर थंडीत कुडकुडत आठव्याचं संपायची वाट बघतात. तीनच विद्यार्थी असतील तर तीच कौशल्यं १८ मिनिटांत होतात आणि उरलेला वेळ खऱ्याखुऱ्या पोहण्याला, मासे बघण्याला, तोल सांभाळण्याला मिळतो.

आता फीची तुलना करा. समजा एका ठिकाणी फी १०० आणि गट आठांचा, दुसरीकडे फी १५० आणि गट तिघांचा. दुसरं ठिकाण दीडपट महाग दिसतं. पण लक्ष देणाऱ्या माणसाचा तुमच्या वाट्याला येणारा वेळ तिथे अडीच पटींहून जास्त आहे. लक्षाच्या मिनिटामागे भाव काढला तर दुसरा कोर्स स्वस्त. आठ हा आकडा नियमात बसतो, पण तो वरचा टोकाचा आकडा आहे. तेवढे विद्यार्थी घेतलेच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही.

मोठ्या गटात आणखी एक अडचण असते. हवा संपल्यावर एका श्वासात, सतत हवा सोडत, सावकाश वर यायचा सराव इन्स्ट्रक्टर प्रत्येकाबरोबर एकेकट्याने करतो. तो एकाला घेऊन वर गेला की बाकीच्यांकडे कोण बघतंय? प्रशिक्षित सहायक असेल तर ठीक. म्हणून चौकशी करताना 'गट केवढा' इतकंच विचारून थांबू नका. 'समुद्रात, माझ्या तारखांना, एका इन्स्ट्रक्टरबरोबर किती जण, आणि सहायक आहे का' असं नेमकं विचारा. उत्तर गोलमोल आलं तर तेही उत्तरच आहे.

फीमध्ये काय, बाहेर काय

जाहिरातीतला आकडा आणि शेवटी खिशातून जाणारी रक्कम यांत तफावत पडते ती बहुतेक याच गोष्टींमुळे: ऑनलाइन थिअरीचा कोड, कार्डाची नोंदणी, भाड्याची सामग्री, बोट, समुद्री उद्यानाचं प्रवेश शुल्क, कर. काही ठिकाणी हे सगळं फीमध्ये धरलेलं असतं, काही ठिकाणी एकेक करून जोडलं जातं. दोन कोर्सची तुलना करायची तर दोन्हीकडून सर्व खर्चांसह शेवटचा आकडा लेखी मागून घ्यावा. ऑनलाइन थिअरीचा कोड एकदा तुमच्या नावावर सुरू झाला की त्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, हेही लक्षात असू द्या. फोटो आणि व्हिडिओचं पॅकेज कोर्सच्या डाइव्हमध्ये घेऊ नये. तेव्हा लक्ष कॅमेऱ्यात नसलेलंच बरं.

न दिसणारा एक खर्च विमानाचा. डाइव्हनंतर लगेच विमानात बसणं धोक्याचं, कारण उंचीवर दाब कमी होतो आणि अंगात उरलेला नायट्रोजन बुडबुडे करू शकतो. एका साध्या डाइव्हनंतर निदान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर निदान १८ तास थांबावं, अशी सूचना डॅन, म्हणजे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, देते. कोर्समध्ये चार डाइव्ह असतात, त्यामुळे तुम्ही १८ तासांच्या गटात आलात. प्रवास करून कोर्स करणार असाल तर मुक्कामाची एक जादा रात्र बजेटमध्ये धरावीच लागते. तिकीट आधी काढून मग चौथी डाइव्ह घाईत उरकणं हा वाईट सौदा.

विमा हा दुसरा. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग धरलेलं असेलच असं नाही, आणि असलं तरी खोलीची मर्यादा असू शकते. डीकम्प्रेशनचा, म्हणजे नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा, त्रास झालाच तर दाबाच्या कक्षात, म्हणजे हायपरबॅरिक चेंबरमध्ये उपचार घ्यावे लागतात. ते महाग असतात आणि चेंबर जवळ नसेल तर रुग्णाला तिथवर नेण्याचा खर्च वेगळा. कोर्सच्या फीपुढे डायव्हिंगच्या विम्याचा हप्ता किरकोळ असतो. इथे काटकसर करू नका.

कोर्सच्या सुरुवातीला आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, छातीचे विकार, चालू असलेली औषधं असे प्रश्न असतात. त्यातल्या काहींना 'हो' असेल तर डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरता येत नाही. गरोदरपणात तर स्कूबा नाहीच. हा फॉर्म किनाऱ्यावर पोचल्यावर पहिल्यांदा बघितला की माणूस पेचात सापडतो: पैसे भरलेत, रजा काढलीय, आणि एका 'हो'मुळे सगळं अडणार. मग खोटं 'नाही' लिहायचा मोह होतो. फॉर्म घरीच मागवून घ्या, गरज असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. डॉक्टरांनी मनाई केली तर पैसे परत मिळतील का, हे पहिल्याच फोनवर विचारा.

पोहण्याचंही तसंच. ओपन वॉटर कोर्ससाठी २०० मीटर न थांबता पोहावं लागतं (किंवा मास्क, पायातले पंखे म्हणजे फिन्स, आणि श्वासाची नळी म्हणजे स्नॉर्केल लावून ३०० मीटर) आणि १० मिनिटं आधाराशिवाय तरंगावं लागतं. वेळेचं बंधन नसतं. तरी हे काठावर जमणारा माणूस कोर्सभर दमलेला असतो, दमलेला माणूस जास्त हवा ओढतो, आणि शिकायला डोकं शिल्लक राहत नाही. पोहणं कच्चं असेल तर कोर्सच्या आधी दोन महिने नियमित पोहा. स्कूबावर करायच्या सगळ्या खर्चांत सर्वांत जास्त परतावा देणारा खर्च तोच, असं मी पैजेवर सांगेन.

थिअरी आणि पूलची सत्रं घराजवळ करून समुद्रातल्या चार डाइव्ह दुसरीकडे करायची सोयही असते. तिला रेफरल म्हणतात. पॅडीमध्ये त्यासाठी १२ महिन्यांची मुदत मिळते. दोन ठिकाणी पैसे भरावे लागत असल्याने एकूण खर्च बहुधा वाढतो. पण सुट्टीतले दोन दिवस वाचतात, आणि मुख्य म्हणजे पूलमधला सराव सावकाश, आठवड्याआठवड्याने होतो. ज्यांना पाण्याची थोडी धास्ती आहे त्यांना मी हाच रस्ता सुचवेन.

सामग्री कधी घ्यायची

पहिल्या कोर्सला सगळी सामग्री भाड्याने मिळते आणि तीच वापरावी. अपवाद मास्कचा. तो चेहऱ्याला बसला नाही तर सतत पाणी झिरपतं आणि सगळं लक्ष तिकडेच जातं. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत घ्या. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर आकार तुमचा. भारीतलाच घ्यावा असं नाही, बसणारा घ्यावा.

त्यानंतरची शहाणी खरेदी म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर, पण डायव्हिंग चालू ठेवणार हे नक्की झाल्यावर. खोली आणि वेळ मोजून तो त्या त्या खोलीवर किती मिनिटं शिल्लक आहेत ते सांगतो. रेग्युलेटर आणि बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जॅकेट, यांची घाई नको. रेग्युलेटरला ठरावीक काळाने सर्व्हिसिंग लागतं. वर्षातून चार-पाच डाइव्ह करणाऱ्याला तो पांढरा हत्ती ठरतो.

भाड्याची सामग्री तपासायला मात्र शिका. प्रेशर गेजकडे बघत रेग्युलेटरमधून दोन-तीन खोल श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकून परत वर येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही किंवा काहीतरी बिघाड आहे. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास येत असेल तर तो सिलिंडर नाकारा. बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन आहे का, हेही विचारा. अशा प्रश्नांनी चांगल्या केंद्रातली माणसं चिडत नाहीत, उलट उत्साहाने दाखवतात.

कार्ड मिळाल्यानंतरचे पैसे

बजेट आखताना लोक कोर्सवर येऊन थांबतात. ही सगळ्यांत महागात पडणारी चूक मला वाटते. चार डाइव्हमध्ये माणूस सुरक्षितपणे चुकायला शिकतो, याहून जास्त काही नाही. पाण्यात न बुडता, न तरंगता, श्वासाच्या जोरावर एका जागी स्थिर राहणं, ज्याला डायव्हर बॉयन्सी म्हणतात, ते पुढच्या डाइव्हमध्ये यायला लागतं. ते आलं की धडपड थांबते, हवा निम्मी लागते आणि प्रवाळावर लाथा बसत नाहीत. कोर्सनंतर लगेच, त्याच सुट्टीत, गाइडबरोबर आणखी दोन-चार डाइव्ह करायला पैसे राखून ठेवा. त्यासाठी एखादा स्वस्त कोर्स निवडावा लागणार असेल तर थांबा आणि एक हंगाम पुढे ढकला, पण दोन्ही नीट करा.

कार्डाला मुदत नसते, ते आयुष्यभर चालतं. कौशल्य मात्र गंजतं. वर्षभर पाण्यात उतरला नसाल तर रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचं सत्र, घ्यावं, आणि बरीच केंद्रं लॉगबुकमधली (डाइव्हच्या नोंदवहीतली) शेवटची नोंद जुनी असेल तर ते मागतातही. त्याचे पैसे वेगळे. म्हणून दोन-तीन वर्षांतून एखादीच डाइव्ह करणार असाल तर ओपन वॉटर कोर्सपेक्षा दरवेळी ट्रायल डाइव्ह करणं पैशाच्या हिशेबाने बरं पडू शकतं. त्यात कमीपणा काही नाही. समुद्र तोच दिसतो.

कोर्स संपता संपता 'ॲडव्हान्स्ड' कोर्सचा प्रस्ताव येतोच. त्यात पाच डाइव्ह असतात, खोल डाइव्ह आणि दिशादर्शन सक्तीचं, मर्यादा ३० मीटर. ओपन वॉटरनंतर लगेच करता येतो. नाव मोठं असलं तरी ती पुढची पाच शिकाऊ डाइव्हच असतात. इन्स्ट्रक्टर तोच, आवडलेला, गट लहान, आणि पाच साध्या डाइव्हच्या खर्चापेक्षा फी थोडीच जास्त असेल तर जरूर करा. देखरेखीखाली आणखी पाच डाइव्ह मिळतात. नुसती ३० मीटरची मुभा मिळावी म्हणून मात्र करू नका. ऊन १० मीटरपेक्षा उथळ पाण्यात भरपूर असतं, रंग तिथेच दिसतात आणि हवाही तिथेच पुरते.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्यायची राहते. कोर्स नियमाप्रमाणे दिवसांवर संपत नाही, कौशल्यांवर संपतो. मास्क काढून घालणं चौथ्या डाइव्हपर्यंत जमलं नाही, पाण्याच्या दाबाने दडे बसलेले कान मोकळे होईनात म्हणून एक सकाळ वाया गेली, तर पुढे काय? काही केंद्रं एक जादा सत्र फीमध्येच देतात, काही निम्मे पैसे घेतात, काही पूर्ण डाइव्हचे घेतात, आणि काही ठिकाणी तशीच सही करून कार्ड हातात ठेवतात. फी भरण्याआधी सरळ विचारा: 'मला ठरलेल्या दिवसांत जमलं नाही तर जादा डाइव्हचे किती?' ज्यांनी हा प्रसंग अनेकदा निभावला आहे ते लगेच आकडा सांगतात आणि पुढे म्हणतात, शेवटचा दिवस मोकळा ठेवा.